पापडावरचे डाग आणि यींची जाळी

मायक्रोवेव्हमधली फिरती ताटली काढून ठेवा, उडदाचा पापड आत सपाट ठेवा आणि अर्ध्या मिनिटात बाहेर काढा. काही ठिकाणी तो फुलून पांढरा झालेला असतो, तर मध्येच मोठे पट्टे कच्चे राहिलेले. ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ हे सर्रास ऐकू येतं, पण ते खरं नाही. लहरी धातूच्या भिंतींवरून परततात, एकमेकींत मिसळतात आणि जागच्या जागी डोलणारी लहर तयार होते. जिथे ती जोरात डोलते, तिथे पापड भाजतो. वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर.

हे डाग लॅपटॉपवर काढता येतात. एमआयटीत तयार झालेलं ‘मीप’ आणि जर्मनीतलं ‘ओपनईएमएस’ ही लहरींचं गणित करणारी दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि त्यांचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो. दोन्हींच्या मुळाशी केन यी यांनी १९६६ साली मांडलेली रीत आहे. इतकी देखणी रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

ओव्हनमधली पोकळी बारीक ठोकळ्यांत कापायची; हीच यींची जाळी. विद्युत क्षेत्र ठोकळ्यांच्या कडांवर मांडायचं, चुंबकीय क्षेत्र पृष्ठांच्या मधोमध. मग प्रत्येक चुंबकीय आकड्याभोवती चार विद्युत आकड्यांचं कडं पडतं, आणि उलटही तसंच. बदलतं चुंबकीय क्षेत्र आपल्याभोवती विद्युत क्षेत्र उभं करतं, हा शाळेतला फॅरडेचा नियम इथे निव्वळ चार कडांची बेरीज-वजाबाकी होऊन बसतो. वेळेचंही तसंच. एका उखळात दोघी कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली येतं. तशी ही दोन क्षेत्रं अर्ध्या-अर्ध्या पावलाच्या अंतराने आळीपाळीने पुढे सरकतात. चुंबकीय रेषा कुठे सुरू होत नाहीत आणि कुठे संपत नाहीत, हा नियम तर वेगळा लिहावाच लागत नाही. त्या रचनेतच तो आपोआप पाळला जातो!

ठोकळा ३ मिलिमीटरचा घेतला, तर ३०×३०×२० सेंटिमीटरच्या ओव्हनमध्ये साडेसहा लाखांवर ठोकळे बसतात. प्रत्येकात सहा आकडे: दोन्ही क्षेत्रांचे तीन-तीन दिशांतले. वेळेचं पाऊल ५.८ पिकोसेकंदांहून (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) मोठं टाकलं, की आकडे बघता बघता बेसुमार फुगतात.

मोबाईलमागे चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ चिपाही अशाच तपासता येतील. विक्रेत्याकडे त्या पदार्थाची विद्युतवाहकता मागा; गणितात तो आकडा लागतो. नखाएवढी चकती चहूकडे जाणाऱ्या लहरी गिळू शकत नाही. आणि गिळल्याच, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त जोर लावेल.

माझ्या पहिल्या सिम्युलेशनमधले डाग पापडाशी जुळले नाहीत. लहरी आत येतात ती वाट मी वरच्या भिंतीत धरली होती. ओव्हनचं दार उघडून पाहिलं, तर ती वाट झाकणारा अभ्रकाचा करडा पत्रा उजव्या भिंतीवर होता. स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. मधला कच्चा पट्टा पडद्यावरही पापडात होता तिथेच आला.