जायंट पांडा संवर्धन

जायंट पांडा म्हणजे तोच काळा-पांढरा, डोळ्याभोवती काजळ फासल्यासारखा दिसणारा गुबगुबीत प्राणी, आणि हो, ते अस्वलच आहे, याबद्दल बरीच वर्षं वाद होता पण डीएनएने तो मिटवला. शास्त्रीय नाव आयल्युरोपोडा मेलानोल्युका. जंगलातला पांडा आज फक्त चीनमध्ये सापडतो, तोही सिचुआन, शान्शी आणि गान्सू या तीन प्रांतांतल्या सहा डोंगररांगांमध्ये, थंड, धुकट, बांबूने भरलेल्या उतारांवर. २०११ ते २०१४ मध्ये झालेल्या चौथ्या राष्ट्रीय गणनेत १८६४ पांडे मोजले गेले, त्याआधीच्या गणनेत १५९६ होते. म्हणजे संख्या वाढलीय, पण एकूण आकडा अजून दोन हजाराच्या आतलाच होता.

गंमत म्हणजे पांडा हे नाव मुळात याचं नाहीच. ते आधी हिमालयातल्या तांबड्या पांडाला मिळालं (सिक्कीमचा राज्यप्राणी आहे तो, आणि दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात त्याचं प्रजनन करून सिंगालिलाच्या जंगलात सोडायचा प्रयोगही झालाय). तो अस्वल नाही, त्याचं कुळच वेगळं. दोघंही बांबू खातात म्हणून नंतर या मोठ्यालाही तेच नाव चिकटलं. बाहेरच्या जगाला जायंट पांडा कळला १८६९ मध्ये, आर्मांड डेव्हिड नावाच्या फ्रेंच मिशनऱ्याला सिचुआनमध्ये त्याचं कातडं मिळालं तेव्हा. त्यानंतरची काही दशकं म्हणजे नुसती शिकाऱ्यांची आणि म्युझियमवाल्यांची झुंबड होती.

बांबूची भानगड

पांडाचं पोट मांसाहारी प्राण्याचं आणि खाणं गवताचं, सगळा घोळ इथे आहे. आतडं आखूड, त्यामुळे खाल्लेल्या बांबूतला जेमतेम पाचवा भागच पचतो, मग दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू रिचवावा लागतो आणि अर्धा दिवस बसून चघळण्यातच जातो. मनगटाचं एक हाड वाढून सहाव्या बोटासारखं झालंय, त्याने तो कांडं धरतो. वसंतात कोंब फुटले की चंगळ, विदर्भात आपण ज्याची वास्ते म्हणून भाजी करतो तसाच प्रकार.

आता बांबूचा स्वभाव गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसाला वेगळा सांगायला नको, वर्षानुवर्षं तो फुलत नाही आणि फुलतो तेव्हा रानच्या रान एकदम फुलून मरतं. चीनमध्ये तेच. १९७० च्या दशकात मिनशान डोंगरात बांबू फुलून गेला तेव्हा किमान १३८ पांडे मेलेले सापडले. १९८३ मध्ये चिओंगलाई रांगेत पुन्हा फुलोरा आला, देशभर हाकाटी झाली, शाळकरी पोरांनी सुद्धा पैसे जमवले. पण बांबू तर लाखो वर्षं फुलून मरतोच आहे, मग पांडा आधी कसा जगला? सोपं आहे, एका खोऱ्यातला बांबू संपला की तो खाली किंवा पलीकडे उतरून दुसऱ्या जातीचा बांबू खायचा. विसाव्या शतकात खाली शेती आली, मध्ये रस्ते आले, आणि पलीकडे जायची वाटच बंद झाली. सिचुआनमधल्या वोलोंग अभयारण्यात १९८० पासून चिनी पांडा-अभ्यासक हू जिनचू यांच्यासोबत काम केलेले अमेरिकन वन्यजीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांचंही म्हणणं हेच होतं की बांबूच्या नावाने बोंब मारताना शिकाऱ्यांचे फासे आणि लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी याकडे दुर्लक्ष होतंय.

खरं काम कशाने झालं

व्हिडिओ सगळे पिल्लांचे असतात, घसरगुंडीवरून गडगडणाऱ्या पांडांचे, त्यामुळे लोकांना वाटतं की पांडा प्रजनन केंद्रांनी वाचवला. माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा झाडं तोडायचं थांबवण्याला जातो. १९९८ मध्ये यांगत्सी नदीला भयंकर पूर आला, डोंगर बोडके झाल्यामुळे पाणी थांबत नाही हे सरकारच्या लक्षात आलं, आणि नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद करण्यात आली. पुढच्या वर्षी आणखी एक योजना आली, उतारावरची शेती सोडून तिथे झाडं लावणाऱ्या शेतकऱ्याला धान्य आणि रोख रक्कम. हे सगळं पुरासाठी होतं, पांडासाठी नव्हे. पांडाचं नशीब त्यात उजळलं एवढंच.

त्याआधी कायदे नव्हते असं नाही. वोलोंग अभयारण्य १९६३ चं आहे. १९८० च्या दशकात शिकारीला आणि कातड्याच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा होती, १९९७ मध्ये ती बदलून दीर्घ तुरुंगवासावर आणली. पण नुसती पाटी लावून जंगल वाचत नाही याचं उदाहरण म्हणजे वोलोंगच, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अभयारण्य झाल्यावर तिथलं जंगल आधीपेक्षा जास्त वेगाने खराब झालं. आत राहणारी माणसं वाढली, घरं वाढली, प्रत्येक घराची चूल आली आणि चुलीला सरपण. त्यांना दोष देऊन उपयोग नव्हता, थंडीच इतकी असते. मग स्वस्त वीज द्यायला सुरुवात झाली आणि जंगलाचे तुकडे घराघरांना राखणीला वाटून देऊन त्याचे पैसे दिले जाऊ लागले, म्हणजे काल जो लाकूड आणायला जायचा तोच आज राखणदार. तरी एक पळवाट राहिलीच, लोकांनी घोडे पाळून जंगलात मोकळे सोडले आणि घोडे पण आवडीने बांबू खातात!

मोजणी कशी करतात हेही सांगण्यासारखं आहे कारण पांडा दिसतच नाही, वर्षानुवर्षं फिरणाऱ्या वनरक्षकालाही फार क्वचित. म्हणून लेंडी मोजतात. लेंडीत बांबूचे न पचलेले तुकडे असतात, प्रत्येक पांडाची चावण्याची लांबी थोडी वेगळी असते, त्यावरून हा वेगळा तो वेगळा असं ठरवायचं, सोबत आता डीएनए तपासणी असते. आपल्याकडे वाघाचे ठसे प्लास्टरमध्ये घेऊन मोजायचे, नंतर प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप आले, साधारण तसाच प्रवास.

पिंजऱ्यातले पांडे

माद्या वर्षातून एकदाच माजावर येतात, तेही एक ते तीन दिवस. त्यात नराचा मूड नसला तर वर्ष फुकट. बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ मध्ये बंदिस्त जागेतलं पहिलं पिल्लू जन्मलं, १९७८ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिलं. पिल्लू असतं जेमतेम १०० ग्रॅमचं, गुलाबी, उंदराएवढं, आई मात्र शंभर किलोची. जुळी झाली तर आई बहुतेक वेळा एकालाच सांभाळते आणि दुसरं टाकून देते. यावर शोधलेली युक्ती मला फार आवडते, एक पिल्लू आईकडे आणि एक इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं आणि ठराविक वेळाने गुपचूप अदलाबदल करायची, म्हणजे दोघांनाही आईचं दूध मिळतं आणि आईला वाटतं आपलं एकच आहे. सिचुआनमधल्या चेंगदू शहराचं प्रजनन केंद्र १९८७ मध्ये जंगलातून वाचवून आणलेल्या सहा पांडांवर सुरू झालं होतं.

जंगलात परत सोडणं मात्र अवघड निघालं. शियांग शियांग या नराला २००६ मध्ये सोडलं, वर्षही झालं नाही आणि तो मेला, जंगली पांडांशी झालेल्या मारामारीत. त्यानंतर पद्धत बदलली, पिल्लू आईसोबत जंगली कुंपणातच वाढवायचं आणि माणसाची सवय लागू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पांडाचा वेष घालून, वर त्याला पांडाचं मूत चोपडून आत जायचं. हसू येतं पण २०१२ मध्ये सोडलेला ताओ ताओ अशाच पद्धतीने वाढलेला होता आणि तो टिकला. १२ मे २००८ च्या भूकंपात वोलोंगचं प्रजनन केंद्र उद्ध्वस्त झालं, माओ माओ नावाची मादी भिंतीखाली सापडून मेली, बाकीच्यांना दुसरीकडे हलवावं लागलं.

बाहेरच्या देशांना चीन पूर्वी पांडे भेट द्यायचा, १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीन दौऱ्यानंतर वॉशिंग्टनला गेलेली जोडी प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकापासून भेट बंद आणि भाडं सुरू. जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, आणि पिल्लू झालं तर तेही चीनचंच. पैसा पांडाच्या जंगलासाठी वापरायचा अशी अट अमेरिकेने घातलेली आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेच्या बोधचिन्हातला पांडा १९६१ चा, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या ची-ची नावाच्या मादीवरून सुचलेला, संस्थेच्या संस्थापकांपैकी एक पीटर स्कॉट यांनी काढलेला. काळा-पांढरा प्राणी घेतला की छपाईचा खर्च वाचतो हाही विचार त्यात होता.

धोक्यातून बाहेर?

२०१६ मध्ये आययूसीएनने, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे याची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, पांडाला ‘संकटग्रस्त’ यादीतून काढून एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ मध्ये टाकलं. चीनमधल्या अधिकाऱ्यांना तेव्हा हे घाईचं वाटलं, मग २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच तेच जाहीर केलं आणि त्याच वर्षी सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचं जायंट पांडा राष्ट्रीय उद्यान झालं. आधी सुटी सुटी असलेली अभयारण्यं जोडायची हा त्यामागचा मुद्दा, कारण १८६४ हा आकडा एकसंध नाही, तो ३३ तुटक गटांत विभागलेला आहे आणि त्यातल्या काही गटांत दहासुद्धा पांडे नाहीत. अशा गटात बाहेरचा नर आला नाही तर जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहतं. म्हणून काही ठिकाणी रस्ता बोगद्यात घालून वरच्या डोंगरावर पुन्हा बांबू लावलाय.

पांडाला वाचवलं की त्याच्या छत्रीखाली बाकीचे प्राणी आपोआप वाचतात असं नेहमी सांगतात. तितरं, माकडं, छोटे प्राणी यांच्याबाबत ते बऱ्यापैकी खरं आहे. पण २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात कॅमेरा ट्रॅपची माहिती जुन्या नोंदींशी ताडून पाहिली तेव्हा चित्र वेगळं निघालं. पांडाच्या राखीव क्षेत्रांपैकी ८१ टक्के ठिकाणांहून बिबट्या गायब, ७७ टक्के ठिकाणांहून लांडगा, ३८ टक्के ठिकाणांहून हिमबिबट्या. शिकार, जंगलतोड, रोग ही कारणं सांगितली जातात, शिवाय पांडाला जेवढी जागा पुरते त्याच्या कितीतरी पट जागा या शिकारी प्राण्यांना लागते. सर्वात वाईट अवस्था रानकुत्र्याची, म्हणजे आपल्या कोळसुंद्याची, जो ताडोबात आणि सह्याद्रीत अजून टोळीने फिरताना दिसतो. पांडाच्या ९५ टक्के राखीव क्षेत्रांत तो आता नाही.