पेंड सोडून कडबा खाणारी गाय

"गोळी पेंडीला तोंड लावत नाही, कडबा मात्र खाते," असं सांगत कुणी दुकानात आलं की आमचा पहिला प्रश्न: व्यायला किती दिवस झाले? दहा-पंधरा दिवस झाले असतील, तर पेंडीचं पोतं बदलून उपयोग नाही. आधी किटोसिसचा, म्हणजे अंगावरची चरबी वितळून होणाऱ्या आजाराचा, संशय घ्या.

व्याल्यावर दूध झपाट्यानं वाढतं, भूक मात्र मागं राहते. एक लिटर दुधासाठी कासेला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. २० लिटरच्या संकरित गाईला रोज जवळपास दीड किलो. खाण्यातून भागेना, की ती अंगावरची चरबी वितळवते. ही सगळी चरबी यकृताला जाळता येत नाही. काही तिथंच साठते, काहीचे किटोन नावाचे पदार्थ बनतात. किटोन वाढले की भूक आणखी मरते. शेण घट्ट होतं, दूध उतरतं, श्वासाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा गोडसर वास येतो. देवणी, लाल कंधारी या देशी गाईंत हे क्वचितच दिसतं. त्यांच्यावर दुधाचा एवढा ताण नसतो.

गाभण गाय लठ्ठ दिसली की आपण खूश होतो, पण व्याल्यावर तीच कमी खाते. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हात फिरवून बघा. खळगे चरबीनं भरून गुळगुळीत लागले, तर ती जास्त भरली आहे. मात्र आटवल्यावर उपाशी ठेवून तिला बारीक करू नका; तेव्हाही चरबीच वितळते. खुराक आवरायचा तो वेताच्या शेवटच्या महिन्यांत, दूध चालू असतानाच. व्यायच्या आधी तीन आठवडे, पुढं द्यायचा तोच खुराक थोडा थोडा सुरू करा. एप्रिल-मेमध्ये वैरण पहाटे आणि रात्री टाका. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात ती गव्हाणीकडं फिरकत नाही.

गुळावर भिस्त ठेवू नका. पोटातले जंतू तो आंबवून टाकतात, साखर रक्तात पोचत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल या पातळ औषधाचं यकृतात ग्लुकोज बनतं. साधारण ३०० मिली रोज, तीन ते पाच दिवस, पण डॉक्टरांना विचारूनच. पाजताना मान फार उचलू नका, ठसका लागून औषध फुप्फुसात जातं.

बायपास फॅट, म्हणजे पोटातल्या जंतूंना चुकवून पुढं जाणारी खुराकातली चरबी, आम्ही विकतो. तरी किटोसिस झालेल्या गाईसाठी कुणी मागितलं तर देत नाही; तिच्या रक्तात आधीच चरबी मावेनाशी झालेली असते.

लघवी तपासायच्या किटोन पट्ट्या दुकानात ठेवल्या आहेत. व्याल्यावर पहिले तीन आठवडे अधूनमधून तपासा. पट्टी जांभळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.