कोळंबी सोलणारं यंत्र: रुळांचा, भाड्याचा आणि स्वस्त हातांचा इतिहास

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी नावाचं बंदर आहे. छायाचित्रकार लुईस हाइन यांनी बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी 1911मध्ये तिथे काही फोटो काढले. त्यातल्या एकात पाच वर्षांचा एक मुलगा उभा आहे आणि त्याच्या मागे कालवांच्या शिंपल्यांचा ढीग आहे. हा मुलगा कोळंबी सोलायच्या कामावर होता. कोळंबीच्या डोक्यातला रस सतत लागून बोटांची सालं निघत, म्हणून सोलणारे तुरटीच्या पाण्यात हात बुडवत. तोवर डबे बनवणं आणि बंद करणं यासाठी यंत्रं आलेली होती. सोलणं मात्र बायका-मुलांच्या बोटांवर अडून होतं.

त्याचं कारण त्या जिवाच्या अंगात आहे. कोळंबीचं कवच सांध्यासांध्यांचं, वाकलेलं आणि आतल्या मांसाला चिकटलेलं असतं. मांस इतकं मऊ की जरा जोर जास्त झाला की लगदा. शिवाय टोपलीतली एक कोळंबी दुसरीच्या मापाची नसते. यंत्राला सगळ्यात नको असते ती हीच गोष्ट.

यावरची तोड लुइझियानातल्या हाउमा गावी निघाली. तिथल्या लापेअर कुटुंबाचा कोळंबीचा धंदा होता. घरातल्या जे. एम. लापेअर या पोराने रबरी बुटाखाली कोळंबी दाबली आणि मांस कवचातून सुळकन बाहेर आलं, अशी गोष्ट सांगितली जाते. मग त्याने आईच्या कपडे धुण्याच्या यंत्राचे पिळायचे रूळ घेऊन त्यांत कोळंबी घालून पाहिली. अशा कथा नंतर बऱ्याच घासूनपुसून चकचकीत केलेल्या असतात, पण पेटंट खरं आहे. ते 1947मध्ये फर्नांड, जेम्स आणि एमिल या तीन लापेअरांच्या नावे मिळालं. पुढे कंपनीचं नाव पडलं लेट्रम (Laitram), म्हणजे जे. एम.मधल्या ‘एम’चं, मार्शलचं (Martial), उलटं स्पेलिंग.

या यंत्राचं मूळ तत्त्व आजही फारसं बदललेलं नाही. तिरप्या चौकटीत लांबच लांब रूळ शेजारी शेजारी बसवलेले असतात. दोन जाड रुळांच्या खाचेत एक बारीक रूळ. वरून पाण्याचे फवारे चालू असतात आणि रूळ थोडे इकडे, थोडे तिकडे असे सतत पालटून फिरतात. रुळांमधल्या चिमटीत मांस मावत नाही, पण कवचाची कड, पाय, मिश्या तिथे बरोबर अडकतात आणि खाली ओढल्या जातात. रूळ उलटे फिरले की कोळंबी सुटते, पाण्याबरोबर कूस बदलते आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा चिमटीत सापडते. उताराच्या तळाशी पोचेपर्यंत ती उघडी झालेली असते. खूबी अशी की यंत्राला कोळंबी कशी पडली आहे हे कळावं लागत नाही. ती कशीही पडू दे, कधी ना कधी कवचाची कड रुळाखाली येणारच.

खरी गंमत मात्र या यंत्राच्या धंद्यात आहे. लापेअरांनी ते विकलं नाही, भाड्याने दिलं. रूळ जितके फिरतील तितकं भाडं. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या डबाबंद कारखान्यांना एक दर आणि दूर पॅसिफिक किनाऱ्यावर वॉशिंग्टन, ओरेगनकडच्या कारखान्यांना त्याच्या दुप्पट. यंत्र तेच, फेरेही तेच. मालकांचा युक्तिवाद असा होता: पॅसिफिकची कोळंबी बारकी, ती हाताने सोलायला मजुरी दुप्पट लागते, म्हणून आमच्या यंत्राने त्यांची बचतही दुप्पट होते. थोडक्यात, ज्या मजुरांची गरज संपवली त्यांच्या वाचलेल्या पगारात वाटा मागितला होता. हिशेब म्हणून हे चोख आहे, मानलं पाहिजे.

पण लापेअर कुटुंबाचा स्वतःचाही कोळंबी डबाबंद करण्याचा कारखाना होता, ग्रँड कैलू पॅकिंग कंपनी, आणि तो आखाताकडचा. म्हणजे दुप्पट भाडं भरणारे पॅसिफिकवाले बाजारात त्यांचेच स्पर्धक. पॅसिफिकची ती बारीक गुलाबी कोळंबी तर यंत्राशिवाय परवडणारीच नव्हती, त्यामुळे भाडं नाकारून हाताकडे वळायचीही सोय नव्हती. व्यापारातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने 1964मध्ये ही दरातली तफावत अनुचित ठरवली आणि 1966मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पेटंट हातात असलं तरी भाडेकरूंमध्ये असा भेद करता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरा खटला याहून गाजला. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढायच्या यंत्राचे दोन भाग होते. एकात कोळंबी उतारावरून घसरताना पात्यांनी पाठ चिरली जाते, दुसऱ्यात ती घुसळून दोरा ओढून काढला जातो. डीपसाउथ पॅकिंग या कंपनीने अशीच यंत्रं बनवली. लेट्रमच्या पेटंटमुळे ती अमेरिकेत विकता येईनात, तेव्हा सुटे भाग तीन खोक्यांत भरून परदेशी पाठवायची शक्कल तिने काढली. पावणेदोन टनांचं ते यंत्र तासाभरात जोडून होत असे. सुप्रीम कोर्टाने 1972मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी डीपसाउथच्या बाजूने निकाल दिला: पेटंट जोडलेल्या यंत्राचं आहे, ते अमेरिकेत जोडलंच नाही, तर भंग कसला? ही पळवाट बुजवायला अमेरिकी काँग्रेसला 1984मध्ये पेटंट कायद्यात नवं कलम घालावं लागलं. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पेटंट खटल्यांतही पुढे या कलमावर कीस पाडला गेला, आणि त्याच्या मुळाशी कोळंबीचा दोरा आहे.

रुळांची खरी हुकूमत चालली ती बारीक कोळंबीवर, विशेषतः उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या. तिथल्या कारखान्यांनी त्यासाठी आधीची पद्धतच बदलली. ताजी कोळंबी सहजी कवच सोडत नाही, म्हणून ती बर्फात काही काळ ‘मुरवत’ ठेवायची. तिच्याच अंगातली एन्झाइम्स मांस आणि कवच यांच्यातली पकड सैल करतात. जास्त मुरली तर मांस पिठूळ होतं, कमी मुरली तर कवचाचे तुकडे राहतात. पाणीही बेसुमार लागतं आणि त्यासोबत थोडी चव व वजन वाहून जातंच. यंत्राच्या जाहिरातीत उत्पादन ताशी किलोत सांगतात. कच्च्या मालातून हाती किती आलं हा आकडा कारखानदाराला स्वतः काढावा लागतो.

मोठ्या कोळंबीला ही रगडपट्टी चालत नाही, कारण तिचे पैसे तिच्या अखंड रूपाचे मिळतात. तिच्यासाठी ग्रेगर जॉन्सन यांनी अमेरिकेतच दुसरी वाट काढली. यात माणूस एकेक कोळंबी यंत्रात ठेवतो, चिमटे ती धरतात, पाठ चिरली जाते, दोरा निघतो, कवच सुटतं. बोटांचं कौशल्य यंत्राकडे गेलं, पण कोळंबी सरळ ठेवायला माणूस उरलाच.

आणि जिथे माणूस स्वस्त, तिथे यंत्र मागे पडलं. उत्तर समुद्रातली तपकिरी कोळंबी पूर्वी डच आणि जर्मन किनाऱ्यावरच्या घराघरांत सोलली जाई. स्वच्छतेचे नियम कडक झाल्यावर ते काम घरांतून गेलं, पण यंत्राकडे आलं नाही. आज तिचा मोठा हिस्सा ट्रकने मोरोक्कोत जातो, तिथल्या बायका तो हाताने सोलतात आणि माल पुन्हा युरोपात येतो. ही कोळंबी सोलणारी यंत्रं जर्मनीत बनलेली आहेत, चालतातही. तरी हजारो किलोमीटरचा हा फेरा हिशेबात बसतो, यावरून मजुरीतला फरक किती असेल ते कळतं. 2020मध्ये साथीमुळे मोरोक्कोतल्या शेडमध्ये अंतर राखून बसावं लागलं, सोलणारे हात घटले आणि त्याचा फटका थेट उत्तर समुद्रातल्या बोटींना बसला.

थायलंडचं प्रकरण जास्त काळं आहे. समुत साखोनमधल्या शेडमध्ये म्यानमारचे स्थलांतरित, त्यांत मुलंही, कोंडून ठेवून कोळंबी सोलायला लावली जात होती, हे असोसिएटेड प्रेसने 2015मध्ये उघड केलं. त्या वृत्तमालिकेला पत्रकारितेतलं 2016चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मोठ्या निर्यातदारांनी बाहेरच्या शेडकडून सोलून घेणं थांबवण्याची घोषणा केली. बिलॉक्सीतल्या फोटोला तोवर शंभरावर वर्षं झाली होती.

यंत्राने सगळे त्रास मिटवले असंही नाही. स्कॉटलंडमध्ये एका कारखान्यात कोळंबीसारख्या नेफ्रॉप्सचं मांस दाबाच्या हवेने शेपटातून उडवून काढत. त्या झोताने प्रथिनांचे कण हवेत पसरत. तिथल्या 50 कामगारांपैकी 36 टक्क्यांना श्वसनाचा त्रास असल्याचं 1980मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. हाताला होणारी जखम दिसते तरी. ही छातीत जाऊन बसते.

कालवांच्या बाबतीत कोडं वेगळं होतं. तिथे कवच सोलायचं नसतं, आतल्या स्नायूने मिटून धरलेले दोन शिंपले उघडायचे असतात. हे शतकानुशतकं सुरीचंच काम होतं. 1999च्या सुमारास हाउमातल्याच एका कारखान्यात कालवं पाण्याच्या प्रचंड दाबाखाली, हवेच्या दाबाच्या दोन-अडीच हजार पटींहून जास्त, ठेवायला सुरुवात झाली. मूळ हेतू व्हिब्रिओ जिवाणू मारण्याचा होता. त्या दाबाने स्नायूही शिंपल्यापासून सुटतो हा फायदा सोबत आला. नंतर अमेरिकेच्या मेन राज्यात याच पद्धतीने शेवंडाचं कच्चं मांस न शिजवता अख्खं काढता येऊ लागलं. दाबाची ही यंत्रं महाग असतात, त्यामुळे या धंद्यात ती बहुतेक महाग मालापुरतीच राहिली आहेत.

खेकडा मात्र अजून कुणाला नीट जमलेला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या निळ्या खेकड्यासाठी हलवून, झटकून मांस काढणारी यंत्रं आली. त्यांतून मांस निघतं, पण चुरा होऊन. मागच्या पोहायच्या पायाच्या मुळाशी असलेला मोठा अखंड तुकडा ही या मांसाची सगळ्यात महाग प्रत, आणि नेमका तोच मोडतो. म्हणून मेरिलँडमधले कारखाने अजून छोट्या सुऱ्यांवर चालतात, आणि सोलणाऱ्यांत मेक्सिकोतून हंगामापुरत्या येणाऱ्या बायका बऱ्याच असतात. त्यांचे व्हिसा अलीकडे सोडतीने ठरतात. ज्या कारखान्याचा नंबर लागत नाही, त्याच्याकडे खेकडे येतात, पण फोडायला माणसं नसतात.