श्वासनलिका-जोड (फुप्फुस प्रत्यारोपणातील)

फुप्फुस प्रत्यारोपणात दात्याची मुख्य श्वासनलिका (फुप्फुसात शिरणारी हवेची नळी) रुग्णाच्या श्वासनलिकेच्या उरलेल्या टोकाला शिवतात. त्या सांध्याला ही संज्ञा आहे. दोन्ही फुप्फुसे बदलल्यास असे दोन जोड येतात.

श्वासनलिकेच्या भिंतीला रक्त देणाऱ्या बारीक रोहिण्या महारोहिणीतून किंवा बरगड्यांमधल्या रोहिण्यांतून निघतात. दात्याचे फुप्फुस काढताना त्या कापल्या जातात आणि प्रचलित पद्धतीत पुन्हा जोडल्या जात नाहीत. मग दात्याकडचे टोक फुप्फुस-रोहिणीच्या बाजूने उलट झिरपणाऱ्या, कमी दाबाच्या आणि कमी ऑक्सिजनच्या रक्तावर तगून राहते. रुग्णाच्या बाजूच्या नव्या वाहिन्या जोड ओलांडून पोचायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून दात्याची नलिका आखूडच ठेवतात; वरच्या खंडाची शाखा फुटण्याआधी कूर्चेच्या एक-दोन कड्या, एवढीच. लांब टोक शिवायला सोयीचे असते, पण तेच आधी काळे पडते.

मानवातील पहिले फुप्फुस प्रत्यारोपण जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये मिसिसिपी येथे केले. तो रुग्ण १८ दिवस जगला व मूत्रपिंडे निकामी होऊन वारला. पुढील पंधरा वर्षांत जगभर सुमारे चाळीस प्रयत्न झाले. त्यांत पहिल्या काही दिवसांतून तरलेल्यांपैकी अनेकांचा जोड उसवला. टोरांटोच्या जोएल कूपर यांच्या गटाने १९८३ मध्ये दीर्घकाळ टिकलेले पहिले यश मिळवले. त्याचे श्रेय कशाला, याविषयी एकमत नाही. या गटाच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने जोड कमकुवत होई, सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाने होत नसे. शिवाय जोडाभोवती पोटातील वपेचा (आतड्यांवरील चरबीयुक्त पडद्याचा) पदर गुंडाळल्यास त्यातून लवकर रक्त मिळे. पुढे मध्यम मात्रेतील स्टेरॉइड देऊनही जोड भरून येतात असे दिसले आणि वपा गुंडाळण्याची प्रथा बऱ्याच केंद्रांनी सोडली. अवयवाची चांगली जपणूक, शरीराने अवयव नाकारल्याचे वेळीच निदान आणि आखूड टोक यांचा वाटा मोठा असावा, हे मत अधिक पटणारे आहे.

टाक्यांचा वादही जुनाच. एक टोक दुसऱ्यात सरकवून शिवण्याची दुर्बिणीसारखी पद्धत सुरक्षित मानली जाई. मात्र तिच्यात संकोच (नळी अरुंद होणे) अधिक आढळल्याने आता टोकाला टोक भिडवण्याकडे कल आहे. दोन्ही फुप्फुसे एकसंध बसवून थेट श्वासनालेवर (दोन शाखा फुटण्याआधीच्या नळीवर) एकच जोड देण्याची रीत १९८०च्या दशकात होती. तो जोड वारंवार बिघडे. १९९०च्या सुमारास प्रत्येक फुप्फुस स्वतंत्रपणे जोडण्याची रीत रूढ झाली.

ब्राँकोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) निरोगी जोड गुलाबी दिसतो, टाक्यांचे धागे स्पष्ट दिसतात. रक्त कमी पडल्यास अस्तर पांढुरके-करडे होते, पुढे काळसर खपली धरते. खपलीखाली भिंत गेली असेल तर जोड उसवतो. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत घडते. छातीतल्या नळीतून हवेचे बुडबुडे थांबत नाहीत किंवा सीटी स्कॅनमध्ये जोडालगत हवा दिसते. मृत ऊतकावर अ‍ॅस्परजिलस बुरशीही रुजते. सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध जोड भरण्याआधी सुरू केल्यास उसवण्याचा धोका वाढतो, म्हणून ते पहिले काही महिने टाळतात.

संकोच हा सर्वांत अधिक आढळणारा दोष. तो काही महिन्यांनी दिसतो. उजव्या बाजूची मधली श्वासनलिका जवळजवळ बुजून जाण्याचा प्रकार विरळा, पण घातक. याखेरीज दाणेदार ऊतक (जखम भरताना येणारे) वाढून वाट अडते, किंवा भिंत मऊ पडून उच्छ्वासात नळी मिटते. प्रमाणाचे आकडे केंद्रागणिक फार वेगळे आहेत, कारण किती संकोच झाला म्हणजे दोष म्हणायचा यावर एकवाक्यता नव्हती. २०१८ मध्ये हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यासाठी श्रेणी सुचवल्या.

उपचार बहुतेक ब्राँकोस्कोपीतूनच होतात: फुग्याने रुंद करणे, लेसर, गोठवणे, स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी). उसवलेल्या जोडात उघड्या जाळीचा धातूचा स्टेंट तात्पुरता ठेवतात. त्याच्या चिथावणीने वाढणारे दाणेदार ऊतकच भोक बुजवते. तो वेळेत काढला नाही तर जाळी भिंतीत रुतते. कापलेल्या श्वासनलिका-रोहिण्या पुन्हा जोडण्याचे तंत्रही काही शल्यविशारदांनी यशस्वी करून दाखवले. मात्र शस्त्रक्रिया लांबते आणि हात फार कसलेला लागतो, त्यामुळे ते रूढ झालेले नाही.