पाळी गेली तेव्हा वय किती होतं?

जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात एक आकडा सांगितला. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढली गेली होती. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ जणींच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्यातल्या कित्येक जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

त्या वेळी चर्चा झाली ती डॉक्टरांच्या लोभाची, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची आणि पाळीतही खाडा पडला की कापल्या जाणाऱ्या पाचशे रुपयांची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या ऑपरेशननंतर बाईच्या शरीरात काय सुरू होतं, यावर फार थोडं बोललं गेलं. माझ्या मते बीडची गोष्ट ही रजोनिवृत्तीची, म्हणजे पाळी कायमची जाण्याचीही गोष्ट आहे, आणि तिची मुळं दीडशे वर्षं मागे जातात.

आधी एक फरक समजून घ्यायला हवा. आपल्याकडे सरसकट ‘पिशवी काढली’ असं म्हणतात, पण त्यात दोन वेगळी ऑपरेशनं दडलेली असतात. नुसती गर्भपिशवी काढली तर पाळी थांबते, पण स्त्रीबीज तयार करणारे दोन बीजकोष (ओव्हरी) काम करत राहतात आणि त्यांच्यातून इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होत राहतं. अशा बाईची रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते, पण येते ती आपल्या पावलांनी. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं. निसर्ग जे काम काही वर्षांत हळूहळू करतो, ते एका दिवसात होतं. काही दिवसांतच अंगातून वाफा निघायला लागतात, रात्री घामाने पोलकं भिजतं, झोप उडते. हाडांची झीज मात्र दिसत नाही. ती आतल्या आत चालू राहते, आणि तीच बाई हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढत असते.

पाळी जाण्याचं वय आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत रजःस्राव बाराव्या वर्षानंतर सुरू होतो आणि पन्नाशीला क्षय पावतो, असं म्हटलं आहे. तो आजार आहे, असा सूर तिथे नाही. घरोघरच्या बायकांनाही पाळी गेल्याचं दुःखापेक्षा हायसंच जास्त वाटायचं. विटाळ संपला, देवघर मोकळं झालं, लोणच्या-पापडाला हात लावायला कुणाची आडकाठी उरली नाही. ‘कटकट गेली’ हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. याच शब्दांचा आधार घेऊन पुढे तिशीतल्या बायकांना ऑपरेशनला तयार केलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

युरोपात या अवस्थेला वैद्यकीय नाव मिळालं ते १८२१ मध्ये. फ्रेंच डॉक्टर गार्दान यांनी आधी सुचवलेल्या शब्दात थोडा बदल करून ‘मेनोपॉज’ हा शब्द रूढ केला. नाव मिळाल्यावर त्यावर इलाज शोधणारेही आले. पण ज्या घटनेपासून खरं तर ही गोष्ट सुरू व्हायला हवी, ती १८७२ सालची आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले शल्यचिकित्सक रॉबर्ट बॅटी यांनी पाळीचा त्रास असलेल्या एका तरुणीचे बीजकोष काढले. हे ऑपरेशन त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पसरलं. पोट दुखतं, मन थाऱ्यावर नाही, झटके येतात, अशा कारणांवरून हजारो बायकांचे धडधाकट बीजकोष काढले गेले.

त्या बायकांना ऐन तारुण्यात वाफा येऊ लागल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांच्या लक्षात आलं की काढलेला अवयव शरीराला काहीतरी पुरवत होता. १८९६ च्या सुमारास बर्लिन आणि व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना जनावरांच्या बीजकोषाचा अंश देऊन पाहिला. आज आपण ज्याला हार्मोनचा उपचार म्हणतो त्याची ही सुरुवात. उपचार जन्माला आला तो पन्नाशीच्या बाईसाठी नव्हे. अकाली बीजकोष गमावलेल्या तरुणीसाठी तो आला होता.

पुढचा पल्ला झपाट्याने गाठला गेला. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी इस्ट्रोजेनचं एक रूप वेगळं काढलं. १९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ बाजारात आलं. गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेली गोळी, आणि नावही त्यावरूनच पडलेलं. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी एक पुस्तक लिहिलं. रजोनिवृत्ती हा मधुमेहासारखा कमतरतेचा आजार आहे आणि प्रत्येक बाईने गोळी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. पुस्तक तडाखेबंद खपलं. त्यांच्या कामामागे औषध कंपन्यांचा पैसा होता, हे पुढे उघड झालं. १९७५ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवून दिलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मग पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध द्यायचं, असं ठरलं. ते अस्तराची वाढ आवरतं.

मग आला जुलै २००२. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा एक भाग ठरल्या वेळेच्या आधीच, ५.२ वर्षांत थांबवण्यात आला. १६,६०८ जणी त्यात होत्या. दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त आढळला, अशा बातम्या जगभर झळकल्या. आकडा खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ असा होता की वर्षभरात दहा हजार बायकांमागे ३० ऐवजी ३८ जणींना कॅन्सर झाला. पक्षाघात २१ वरून २९ वर गेला, आणि खुब्याचं हाड मोडणाऱ्या १५ वरून १० वर आल्या. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बातमीच्या तळाशी राहिली, ती म्हणजे या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. जेमतेम एक तृतीयांश जणी पन्नाशीतल्या होत्या. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बाईच्या रक्तवाहिन्यांवर हार्मोनचा जो परिणाम होतो, तोच नुकती पाळी गेलेल्या बाईवर होईल असं धरून चालता येत नाही. पण भीती पसरली ती सरसकट. बायकांनी गोळ्या टाकून दिल्या, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिणं सोडलं, आणि ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ हे समीकरण आपल्याकडच्या दवाखान्यांतही येऊन बसलं.

त्याच चाचणीचा दुसरा भाग होता पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांचा. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं जात होतं. पक्षाघाताचा धोका वाढल्यामुळे २००४ मध्ये तोही थांबवला गेला, पण स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढलेला नव्हता. ही बातमी आधीच्या बातमीइतकी घरोघरी पोहोचली नाही.

पुढच्या वर्षांत याच आकड्यांची वयानुसार फेरमांडणी झाली आणि मत बदललं. त्रास जास्त असेल, वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर बहुतेक निरोगी बायकांमध्ये फायदा धोक्यापेक्षा जास्त, असं आता मानलं जातं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघाताचा इतिहास असेल, यकृताचा आजार असेल किंवा अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर हा उपचार सहसा देत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीत ठळकपणे छापल्या जाणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यातला बराचसा भाग काढण्याचं जाहीर केलं. लंबक पुन्हा १९६६ च्या बाजूला फार कलू नये, एवढीच इच्छा.

वय कमी असताना बीजकोष गेले, तर मात्र डॉक्टरी मत बरंच स्पष्ट आहे. दुसरी काही अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन भरून काढावं, नाहीतर हाडं आणि हृदय दोन्हींना किंमत मोजावी लागते. भारतात हे वय साधारण ४६-४७ आहे. म्हणजे बत्तिसाव्या वर्षी बीजकोष गमावलेल्या ऊसतोड बाईपुढे चौदा-पंधरा वर्षं उरतात. तिला मिळतात त्या बहुतेक वेळा दुखण्यावरच्या गोळ्या.

बीडच्या प्रकरणानंतर काही गोष्टी हलल्या. जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली, हंगामाच्या आधी आणि नंतर तपासण्या ठरल्या. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. हे सगळं पुढच्या बायकांसाठी. ज्यांची ऑपरेशनं आधीच झाली, त्यांच्याबाबत पहिला प्रश्न अजून तोच राहतो: “ताई, नुसती पिशवी काढली, का बीजकोषपण?” कित्येक जणी सांगतात, “सगळंच काढलं म्हणाले.” ऑपरेशनचा कागद घरात पत्र्याच्या पेटीत असेल तर शोधून घेऊन या, असं तपासणीला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायला हवं. नसेल तर सोनोग्राफीत बीजकोष दिसतात का ते पाहता येतं, आणि हाडांची घनता तपासायची की नाही हे त्यावरून ठरवता येतं.