अल्बर्ट काह्न आणि डेट्रॉइटच्या इमारती

अल्बर्ट काह्न (1869–1942) म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे आर्किटेक्ट. फोर्ड, पॅकार्ड या मोटार कंपन्यांचे कारखाने बांधणारे म्हणून त्यांचं नाव होतं, पण त्याच शहरातली मोठमोठी ऑफिसं आणि वर्तमानपत्रांच्या इमारतीही त्यांच्याच, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं असं मला वाटतं.

जन्म जर्मनीचा, लहानपणीच घरचे सगळे डेट्रॉइटला आले. परिस्थिती बेताची, त्यामुळे आर्किटेक्चरच्या कॉलेजात जाणं काही झालं नाही, पोरवयातच एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पडेल ते काम करायला लागले आणि तिथेच ड्रॉइंग शिकले. पुढे स्कॉलरशिप मिळून युरोप फिरून आले, त्या प्रवासात सोबत होते हेन्री बेकन, ज्यांनी नंतर वॉशिंग्टनचं लिंकन मेमोरियल केलं. 1895 मध्ये स्वतःची फर्म काढली.

खरा फरक पडला तो काँक्रीटने. तोवर कारखाना म्हणजे लाकडी तुळया, जाड विटांच्या भिंती, छोट्या खिडक्या आणि तेल मुरलेली लाकडी जमीन, म्हणजे अंधार तर होताच, वर आगीची कायम भीती. भाऊ ज्युलियस इंजिनीअर होता, त्याने काँक्रीटच्या आत घालायची एक खास सळई काढली, तिच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या कापून तिरक्या वर वाकवलेल्या असायच्या, त्यामुळे बीम आधाराजवळ तिरका तडकायचा नाही. 1905 च्या पॅकार्डच्या 10 नंबरच्या इमारतीत भावांनी हे वापरलं. भार खांबांवर गेला की भिंतीला काही उचलायचं उरत नाही, मग तिथे सरळ खिडक्याच खिडक्या लावता येतात!

हाच विचार ऑफिसांत कसा आला ते जनरल मोटर्सच्या 15 मजली इमारतीत दिसतं (1920 च्या दशकाच्या सुरुवातीची). तेव्हा एसी नव्हते, आत खोलवर टेबल असलं की ना उजेड ना वारा, म्हणून मधे लांब कणा आणि त्याला आठ पंख काढले, म्हणजे प्रत्येक खोलीला खिडकी मिळाली. बाहेरच्या दगडावर ‘डी’ अक्षर कोरलेलं आहे, कारण इमारतीला कंपनीचे संस्थापक ड्युरंट यांचं नाव द्यायचं होतं, 1920 मध्ये त्यांच्या हातून कंपनी गेली पण अक्षर राहिलं. आता तिथे सरकारी ऑफिसं आहेत.

समोरच 1928 ची फिशर बिल्डिंग. इथे मात्र हात आखडता घेतलेला नाही, तळमजल्याच्या उंच आर्केडला कमानीचं छत, त्यावर हंगेरियन कलाकार गेझा मारोती यांची रंगीत नक्षी, भिंतींना तऱ्हेतऱ्हेचे संगमरवर, आणि दुकानं भरलेल्या जागेत माणूस मान वर करून उभा राहतो. मूळ प्लॅन तीन टॉवरचा होता, पण लगेच मंदी आली आणि एकच झाला.

मंदीच्याच काळात, 1929 ते 1932, त्यांच्या ऑफिसने सोव्हिएत युनियनसाठी पाचशेहून जास्त कारखान्यांची डिझाइन्स केली, त्यात स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखानाही आला. शेवटच्या वर्षांत डेट्रॉइटजवळच्या विलो रनचा प्रचंड विमान कारखाना केला, आणि तिथली बॉम्बर विमानं जोरात निघायला लागायच्या आधीच, डिसेंबर 1942 मध्ये, डेट्रॉइटलाच ते गेले.