फ्यूज वायरसाठी असतो, अँपसाठी (अँप्लिफायरसाठी) नाही

"अँपलाच फ्यूज आहे, मग बॅटरीकडे दुसरा कशाला?" म्हापसा-फोंड्याकडे गाडीत म्युझिक सिस्टम बसवताना हे सर्रास ऐकू येतं. हा समज घातक आहे. अँपवरचा फ्यूज अँपपुरताच. बॅटरीपासून डिकीतल्या अँपपर्यंतची ४-५ मीटर लाल वायर वाऱ्यावरच राहते. इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकात ती घासते, आवरण फाटतं, तांबं बॉडीला टेकतं आणि शेकडो अँपिअर वाहतात. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण आग लागते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, वायरच्या जाडीला झेपेल एवढाच. उडाला म्हणून मोठा घालू नका, कृपा करून! भोकात रबरी बुश (वायर घासू नये म्हणून रबराची रिंग) बसवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत फ्यूजहोल्डर गंजून हिरवा पडतो. पावसाळ्याआधी उघडून बघाच.